खाली नाव कोणाचं लिहू?

या पुस्तकाचं मूळ एका शंभर पानी वहीत आहे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीत गावी गेली आणि येताना आजीच्या तोंडून उतरवून घेतलेला एक पाटा घेऊन आली. पाटा म्हटलं की मराठी वाचकाला वरवंटा आठवेल. गोंडीत आणि माडियात पाटा म्हणजे गाणं. शेजारच्या तेलुगूतही गाण्याला पाटच म्हणतात. अकरा ओळी, देवनागरीत, पेन्सिलीनं लिहिलेल्या. खाली दोन बोटं जागा सोडलेली. तिनं विचारलं, "सर, खाली नाव कोणाचं लिहू?"

मी मान वर न करताच म्हणालो, "आजीचं लिही."

पुढच्या सोमवारी ती पुन्हा आली. जागा तशीच रिकामी होती. "आजी नाही म्हणते सर. म्हणते, पाटा माझा नाही, मी नुसता म्हटला. तिच्या आईकडून आला, आईला माहेरी मिळाला. नाव लिहायचंच तर सगळ्या रांगेचं लिहा म्हणते."

मी गप्प बसलो, कारण हाच प्रश्न मी एकदा फार सोप्या रीतीनं सोडवून टाकला होता. या भागात नवा नोकरीला लागलो तेव्हाची गोष्ट. एका लग्नघरी एका म्हाताऱ्या बाईनं म्हटलेलं गाणं मी शेजाऱ्याकडून अर्थ विचारत लिहून घेतलं, मराठी केलं आणि एका दिवाळी अंकाला पाठवलं. ते छापून आलं. वर 'माडिया लोकगीत', खाली 'संकलन व अनुवाद' आणि माझं पूर्ण नाव. मानधनही माझ्याच पत्त्यावर आलं. गाणारीचं नाव मी विचारलंच नव्हतं. विचारायला हवं, हे सुचलंसुद्धा नव्हतं.

आमच्या विद्यार्थ्यांनी दोन वर्षं खपून केलेलं हस्तलिखित आता छापील रूपात तुमच्या हाती येत आहे. त्यात दोन भाग आहेत. पहिल्यात मुलांनी आपापल्या गावातून आणलेले पाटे, मूळ माडियात आणि समोरच्या पानावर मराठीत. दुसऱ्यात मुलांच्या स्वतःच्या कविता, काही मराठीत, काही माडियात, काही दोन्हींची सरमिसळ असलेल्या. प्रस्तावनाकारानं पुस्तकाची ओळख करून द्यावी अशी रीत आहे. मला मात्र आधी त्या दोन बोटं रिकाम्या जागेची ओळख करून द्यायची आहे. कवितांचे संग्रह कोण करतं, कशासाठी करतं आणि खाली कोणाचं नाव पडतं, हा सगळा इतिहास तिथं साठलेला आहे.

*

आमचं भामरागड मराठी वाचकाला ठाऊक आहे ते गद्यातून. 23 डिसेंबर 1973 ला बाबा आमटे यांनी हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथं राहिले, दवाखाना उभा राहिला, मग शाळा. पुढं 'प्रकाशवाटा' घरोघरी वाचलं गेलं. विलास मनोहर यांच्या 'नेगल'नं आणि 'एका नक्षलवाद्याचा जन्म'नं हे जंगल पुण्या-मुंबईच्या कपाटात नेलं. ही पुस्तकं प्रेमानं लिहिलेली आहेत आणि त्यांचं मोल कमी नाही. पण त्यांत माडिया माणूस बहुधा 'तो' असतो. लिहिणारा असतो 'मी'.

गाण्यांचंही तसंच झालं. गोंडांची गाणी पुस्तकरूपानं जगापुढं गेली ती इंग्रजीतून. 1935 साली लंडनहून 'साँग्ज ऑफ द फॉरेस्ट' निघालं. त्यावर दोन नावं होती, शामराव हिवाळे आणि व्हेरिअर एल्विन. हिवाळे हा मराठी माणूस पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून एल्विनबरोबर मैकलच्या डोंगरात गेला आणि तिथलाच झाला. तीन वर्षांनी, 1938 मध्ये, बस्तरचे प्रशासक राहिलेले डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांचा माडिया गोंडांवरचा ग्रंथ आला. इंद्रावतीच्या पलीकडच्या माडिया गावांबद्दल आजही काही शोधायचं तर आधी तोच ग्रंथ उघडावा लागतो. या लोकांनी लिहून ठेवलं नसतं तर बरंच काही हरवलं असतं, हे मान्य. तरीही जमवणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर आणि गाणाऱ्याची फक्त जमात, ही वाटणी तेव्हा पडली ती पडलीच. माझ्या दिवाळी अंकातल्या त्या पानानं तीच वाटणी पुढं चालवली होती.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नाव नसणं ही प्रत्येक वेळी चोरीच असते असं नाही. रेला नाच बघितलेल्याला ते कळतं. मुली एकमेकींच्या कमरेत हात गुंफून रांग धरतात. एक बाजू ओळ म्हणते, दुसरी बाजू ती उचलते, थोडी फिरवते आणि परत देते. पाऊल चुकलं तर ओळ चुकते. एखादी नवी ओळ मध्येच कोणीतरी टाकते. ती जमली तर रांग तिला घेते, नाही जमली तर पुढच्या फेरीत ती गळून पडते. पुढच्या वर्षी ती ओळ कोणाची होती हे सांगता येत नाही आणि कोणी विचारतही नाही. कागदावर उतरवताना यातली निम्मी गोष्ट जागीच मरते. दोन बाजूंची एक बाजू होते, पाऊल जातं, ढोल जातो, उरतात अकरा ओळी. म्हणून आजीचं म्हणणं नम्रतेचं नव्हतं, ते शास्त्रीय अचूकतेचं होतं. तिच्या लेखी कवी म्हणजे एक माणूस नसतोच.

*

मग आदिवासी माणूस स्वतःच्या सहीनं कविता लिहू लागला तेव्हा काय झालं? मराठीत हे वळण आमच्याच पट्ट्यात फार ठळक दिसतं. 1979 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला पहिलं आदिवासी साहित्य संमेलन भरलं. आठ वर्षांनी, 1987 मध्ये, दोन कवितासंग्रह आले. शहाद्याकडच्या चळवळीतले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' आणि चंद्रपूरच्या विनायक तुमराम यांचा 'गोंडवन पेटले आहे'. 1990 मध्ये भुजंग मेश्राम यांचा 'उलगुलान' आला. हे शीर्षक नीट बघण्यासारखं आहे. यवतमाळकडचा एक गोंड कवी मराठीत लिहितो आणि पुस्तकाला नाव देतो ते बिरसा मुंडांच्या बंडाचं, म्हणजे मुंडारीतलं. त्या एका शब्दात त्यानं झारखंड ते विदर्भ असं भावकीचं नातं जोडलं. पुढं त्यांच्या एका संग्रहाचं नाव झालं 'अभुज माड'. तो माडाचा डोंगराळ मुलूख आमच्या उशाशी आहे.

वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता आता इतक्या पाठ्यपुस्तकांत आणि भाषणांत येते की तिची धार कोणाला जाणवत नाही. आदिवासींचं दुःख सांगायला मंचावर दुसरेच चढतात, हे तिचं सूत्र. त्यात 'मंच'च्या जागी 'संग्रह' हा शब्द घालून बघावा.

म्हणूनच तुमरामांनी संपादित केलेल्या 'शतकातील आदिवासी कविता' या ग्रंथाचं महत्त्व मला त्यातल्या कोणत्याही एका कवितेपेक्षा मोठं वाटतं. 2003 मध्ये आलेल्या या संग्रहात निवडणारा आणि निवडले गेलेले एकाच बाजूचे होते. कोणाला घ्यायचं, कोणाला वगळायचं, काय ओरडून सांगायचं आणि काय घरातच ठेवायचं, हे त्यांचं त्यांनी ठरवलं. गडचिरोलीच्या कुसुम आलाम यांचा 'रान आसवांचे तळे', उषाकिरण आत्राम यांचा 'म्होरकी' या संग्रहांनी आदिवासी कवितेत बाईचा आवाज मिसळला. गोटुलात, म्हणजे गावातल्या तरुणांच्या एकत्र जमण्याच्या जागेत, मुलींची पुढारी असते, रांगेच्या टोकाला उभी राहून ओळ उचलून देणारी. 'म्होरकी' हे नाव वाचलं की मला ती दिसते.

पण या सगळ्या संग्रहांत एक खळगा राहिला. ते मुख्यतः मराठीत आहेत. गोंडी शब्द त्यांत पेरलेले आहेत, देव आहेत, झाडं आहेत, पण वाक्य मराठीचं आहे. 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे 29 लाख 84 हजार भरले. ती भाषा अजून आठव्या अनुसूचीत नाही. माडिया तर तिच्याही कडेला. भामरागडचं मूल सहाव्या वर्षी आश्रमशाळेत येतं तेव्हा त्याला मराठी येत नसते. दहा-बारा वर्षांनी कविता लिहायला बसतं तेव्हा माडियात लिहायची सवय नसते. म्हणजे सही मिळाली तेव्हा भाषा हातची सुटली होती. धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभेनं 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली ती याच दुखण्यावर. आमच्याकडे तसं काही नाही, आमच्याकडे एक वही आहे.

*

इथं मला वाचकाला जरा लांब न्यायचं आहे, ऑस्ट्रेलियात. कारण तिथं याच प्रश्नावर जास्त उघडपणे भांडण झालं आहे.

या दोन मुलखांना जोडणारा शब्द आपल्याच घरातला आहे. भूगर्भशास्त्रज्ञ एडुआर्ड स्यूस यांनी 1885 मध्ये दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडाला गोंडवाना-लँड हे नाव दिलं. चंद्रपूर-बल्लारपूरच्या खाणीतला कोळसा आणि न्यू साउथ वेल्सच्या हंटर खोऱ्यातला कोळसा एकाच काळातल्या दलदलीतला आहे. दोन्हींत ग्लॉसोप्टेरिसच्या पानांचे ठसे सापडतात. दगडांच्या नात्यावरून माणसांचं नातं जुळवू नये, ते खोटं ठरेल. पण गोंडांच्या नावाचं महाखंड अख्ख्या जगाच्या शालेय पुस्तकात आहे आणि गोंडांची भाषा त्यांच्या स्वतःच्या शाळेत नाही, एवढं तरी त्यावरून दिसतं.

ऑस्ट्रेलियन कवितेचे संग्रह दर काही वर्षांनी निघतात आणि प्रत्येक संग्रहावर वाद होतो. 1986 मध्ये लेस मरे या कवीनं ऑक्सफर्डसाठी नवा संग्रह केला तेव्हा इंग्रज वसाहतीच्या कवितांबरोबर मूळनिवासींच्या गाण्यांचे अनुवादही त्यानं घेतले. 1991 च्या पेंग्विन संग्रहात जॉन ट्रँटर आणि फिलिप मीड यांनी अर्न मॅली या कवीच्या सगळ्या कविता छापल्या. गंमत अशी की अर्न मॅली नावाचा कवी कधी नव्हताच. 1943 मध्ये नवकवितेची फजिती करायला दोघांनी तो बनवला होता. नसलेल्या माणसाला पानंच्या पानं मिळाली. 2011 मध्ये हजारावर पानांचा एक दांडगा संग्रह आला, त्याच्या शीर्षकातच '1788 पासून' असं होतं. 1788 म्हणजे इंग्रजांची गलबतं सिडनीच्या किनाऱ्याला लागली ते साल. तेव्हा त्या भूमीवर अडीचशेहून जास्त भाषा बोलल्या जात होत्या, प्रत्येकीत गाणं होतं. कवितेची मोजणी कोणत्या सालापासून सुरू करायची हे ठरवणं म्हणजे कोणाला कवी म्हणायचं हे ठरवणं. मुखपृष्ठावरचं साल बघायची सवय मला तेव्हापासून लागली.

उत्तर दुसऱ्या बाजूनं आधीच येऊन गेलं होतं. 1964 मध्ये कॅथ वॉकर यांचा 'वी आर गोइंग' प्रसिद्ध झाला; मूळनिवासी ऑस्ट्रेलियन व्यक्तीचं ते पहिलं कवितेचं पुस्तक. पुढं त्यांनी इंग्रजी नाव टाकलं आणि ऊजरू नूनुक्कल झाल्या. 1988 मध्ये, वसाहतीची दोनशे वर्षं आतषबाजीनं साजरी होत असताना, केव्हिन गिल्बर्ट यांनी 'इनसाइड ब्लॅक ऑस्ट्रेलिया' हा संग्रह काढला. गिल्बर्ट यांनी चौदा वर्षं तुरुंगात काढलेली. या पुस्तकाला मानवी हक्क आयोगाचा साहित्य पुरस्कार जाहीर झाला तो त्यांनी नाकारला. माझ्या माणसांना हक्कच नाहीत तर पुरस्कार कसला, हे त्यांचं म्हणणं. तारखा शेजारी ठेवून बघा. 'गोधड' आणि 'गोंडवन पेटले आहे' 1987, 'इनसाइड ब्लॅक ऑस्ट्रेलिया' 1988. एकमेकांचं नावही न ऐकता दोन टोकांना माणसं एकाच वेळी उठून उभी राहिली होती.

अलीकडचा संग्रह 2020 चा, गोमेरॉय कवयित्री आणि कायद्याच्या अभ्यासक ॲलिसन व्हिटाकर यांनी संपादित केलेला 'फायर फ्रंट'. त्याचे पाच भाग आहेत आणि प्रत्येक भागाच्या तोंडाशी वेगळ्या मूळनिवासी लेखकाचा निबंध आहे. एकानं सगळ्यांच्या वतीनं बोलायचं नाही, हे तिथं पुस्तकाच्या बांधणीतच आहे. आमच्या मुलांना मी ही बांधणी समजावून सांगितली तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ही तर रांग झाली."

*

कविता वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात, अशी विनंती आहे.

पहिली 'आम्ही'बद्दल. वर्गात आम्ही नूनुक्कलबाईंच्या पुस्तकाचं नुसतं नाव मराठीत आणायला बसलो आणि तासभर तिथंच अडकलो. इंग्रजीचं 'वी' एकच. मराठीत 'आम्ही' की 'आपण'? ऐकणाऱ्याला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं? ऑस्ट्रेलियातल्या कित्येक मूळ भाषांतही हा फरक आहे; म्हणजे इंग्रजीत लिहिताना कवयित्रीला जे सोडावं लागलं ते मराठीत परत मिळण्याची शक्यता आहे. मग दुसरी अडचण. आपण घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. कायमचं जाणाऱ्यानं काय म्हणायचं? एकानं 'आम्ही चाललो' लिहिलं, दुसरीनं 'आम्ही निघालो'. मतं 'चाललो'ला जास्त पडली, कारण त्यात चालणंही आहे. या संग्रहातल्या पाट्यांच्या मराठी पानांवर जिथं 'आपण' आहे तिथं तो विचारपूर्वक आहे. तिथं वाचकाला रांगेत घेतलेलं आहे, एवढं समजावं.

दुसरी गोष्ट आगीची. 'गोंडवन पेटले आहे', 'फायर फ्रंट'; शीर्षकं बघितली की शहरातला समीक्षक लगेच विद्रोह लिहितो. विद्रोह आहेच. पण जंगलात आग हे रोजचं कामही आहे. डोंगरउतारावर झाडोरा तोडून, वाळवून, जाळून त्या राखेत बी टाकायचं, ही पेंडा शेती माडियांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखालचा पाला पेटवून जागा साफ करतात, म्हणजे पहाटे पडलेली फुलं नीट दिसतात. ऑस्ट्रेलियातले मूळनिवासीही ऋतू बघून थोडं थोडं रान जाळत आले, पुढचा मोठा वणवा टळावा म्हणून. तेव्हा या पुस्तकात जिथं जाळ दिसेल तिथं लगेच बंदूक शोधू नका. एका मुलाच्या कवितेत सगळं रान पेटलेलं आहे आणि शेवटी आई टोपली घेऊन येते. ती मोहफुलं वेचायला आलेली आहे.

आणि बंदूक शोधलीत तरी ती फारशी सापडणार नाही. दुसऱ्या भागातल्या कवितांत वसतिगृहातली वरणाची वाटी आहे, टेकडीवर चढल्यावर येणारं नेटवर्क आहे, परीक्षेच्या दिवशी पुलावरून वाहणारी पर्लकोटा आहे. पाणी पुलावर आलं की तालुका तुटतो, अशी बातमी दर पावसाळ्यात छापून येते. एका मुलीनं लिहिलं आहे की तुटतो तो जिल्हा, आम्ही तर सगळे इथंच असतो.

*

संपादनाविषयी थोडं. गोंडीसाठी मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी 1918 मध्ये केलेली लिपी आहे, तेलंगणातली गुंजाला लिपी आहे. दोन्ही आता युनिकोडमध्येही आहेत. आम्ही देवनागरी ठेवली, कारण ज्या आज्यांच्या नातवंडांनी हे वाचायचं त्यांना तीच येते. माडिया मजकूर डाव्या पानावर, मराठी उजव्या. मराठीत जे आलं नाही ते ओढूनताणून आणलं नाही. तिथं माडिया शब्दच राहू दिला. काही पाटे गावांनी छापू नका म्हणून सांगितलं. ते वहीतच आहेत.

आणि ती दोन बोटं जागा. तिचा निकाल त्या मुलीनंच लावला. तिसऱ्या खेपेला आली तेव्हा अकरा ओळींखाली तिनं चार ओळी लिहिल्या होत्या: कोणी म्हटला, कोणत्या गावात, कधी म्हणतात, कोणाकडून आला. सगळ्यांत खाली बारीक अक्षरात 'लिहिणारी' आणि तिचं नाव. कवी असा शब्द तिनं कुठंच वापरला नव्हता. पहिल्या भागातल्या प्रत्येक पाट्याखाली त्या चार ओळी तुम्हाला दिसतील. काहींच्या खाली 'कोणाकडून आला' यापुढं तीन-तीन गावं आहेत.

दिवाळी अंकातलं ते गाणंही या संग्रहात घेतलं आहे. त्यासाठी मी त्या गावी पुन्हा गेलो. म्हातारी जाऊन बरीच वर्षं झाली होती. लोकांना ती आठवत होती, तिचा आवाज आठवत होता. नाव मात्र कोणी सांगेना, कारण सगळे तिला थोरल्या लेकाची आई म्हणूनच हाक मारायचे. शेवटी शाळामास्तरांकडे एक जुनी, कोपरे झिजलेली मतदार यादी निघाली. लेकाच्या नावावरून वर बोट सरकवत गेलो, तिथं ते सापडलं. तेच गाणं म्हणून दाखवताना तिची सून मध्येच थांबली आणि माझ्या छापील मराठीतली एक ओळ चुकीची आहे असं तिनं सांगितलं. ती दुरुस्त केली आहे.

त्या पानाखाली चार ओळी आहेत. संकलकाचं नाव काढून टाकलं आहे.

भामरागड